एकाच दिवशी पेरलं, मग एक उंच आणि एक बुटकं का?



जुलै उजाडला की प्राथमिकच्या बहुतेक वर्गांत एक दृश्य हमखास दिसतं. खिडकीत, कपाटावर, जागा मिळेल तिथे कागदी कप नाहीतर दह्याचे रिकामे डबे ठेवलेले असतात. त्यात माती आणि मातीत राजमा किंवा मूग. कपावर मुलांची नावं. पहिले चार दिवस सगळे मातीकडे टक लावून बसतात. पाचव्या दिवशी पहिलं रोप डोकं वर काढतं आणि मग वर्गात एकच प्रश्न सुरू होतो, "बाई, माझं त्याच्यापेक्षा छोटं का?"

हा प्रश्न आपण सहसा "होईल गं मोठं" म्हणून टोलवतो. मीही अनेक वर्षं टोलवला. पण नीट पाहिलं तर वनस्पतीशास्त्राचे तीन-चार धडे आणि गणिताचा एक धडा या एका प्रश्नात दडलेले आहेत. घरात रोपं वाढवणाऱ्या कुणालाही, मग ते गॅलरीतली मिरची असो की ट्रेमधली टोमॅटोची रोपं, हाच प्रश्न छळत असतो. म्हणून आज त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

काही वर्षांपूर्वी मी पाचवीच्या वर्गात जाहीर केलं होतं की पंधराव्या दिवशी ज्याचं रोप सर्वांत उंच त्याला कंपासपेटी. वाटलं होतं, मुलं उत्साहाने काळजी घेतील. मोजमाप झालं. पहिला आला 31 सेंटिमीटरचा राजमा. तो कप ठेवलेला होता खिडकीपासून लांब, भिंतीकडच्या कपाटाच्या खालच्या फळीवर. खिडकीतल्या एका मुलीचं रोप जेमतेम 12 सेंटिमीटर होतं. टाळ्या झाल्या, कंपासपेटी दिली. सोमवारी येऊन पाहते तर विजेतं रोप कपाच्या काठावरून खाली लोंबत होतं. खोड मधेच मुडपलेलं, पानं फिकट पिवळी. आणि त्या मुलीचं? तिने घरी जाऊन रडारड केली होती. वडिलांनी लेकीचं मन राखायला शनिवारी रात्री कपात चिमूटभर युरिया टाकला. एवढ्याशा कपात चिमूट म्हणजे पोतंच झालं की! दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. त्या वर्गात सर्वांत धडधाकट रोप तिचंच होतं आणि बक्षिसाची अट घालून मीच ते घालवलं.

आणखी एक गंमत झाली, ती मला फार उशिरा कळली. दोन मुलांनी आपले कप गुपचूप जिन्याखाली नेऊन ठेवले होते. विचारलं तर म्हणाली, "बाई, तिथं लवकर उंच होतं." शास्त्रज्ञांना जे नीट मांडायला खूप काळ लागला, ते या पोरांनी आठवड्याभरात शोधून काढलं होतं. मी मात्र त्यांना जागा बदलली म्हणून रागावले.

अंधारात रोप उंच का होतं?

मुलांना हे उलटं वाटतं. प्रकाशात अन्न तयार होतं, मग प्रकाश कमी असेल तर रोप छोटं राहायला हवं ना? हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, घाई करू नका.

बियाण्याच्या दृष्टीने विचार करायला सांगा. राजम्याच्या दाण्यात दोन जाड डाळिंब्या असतात. तो त्याचा डबा. घरून दिलेला, एकदाच भरलेला. हा डबा संपायच्या आत रोपाला उजेडापर्यंत पोचायचं असतं. उजेड कमी मिळाला की रोपाला वाटतं, आपण अजून मातीखाली किंवा दुसऱ्या झाडाच्या सावलीत आहोत. मग ते पानं मोठी करत नाही, हिरवा रंग करत नाही, खोड जाड करत नाही. सगळी पुंजी उंचीवर लावतं. दोन पानांमधलं अंतर, ज्याला आपण ऊस-ज्वारीच्या बाबतीत पेर म्हणतो, ते लांबत जातं. रोप उंच दिसतं, पण ती उंची डब्यातल्या जुन्या अन्नावर उधार घेतलेली असते. रोपवाटिकेतले लोक अशा रोपाला सरळ "ताणलेलं रोप" म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे.

आपल्याकडे हा प्रयोग आपण नेमका जुलै-ऑगस्टमध्ये करतो, हेही लक्षात घ्या. आकाश भरलेलं, वर्गात अंधारून आलेलं आणि हवा मात्र उबदार. कमी प्रकाश अधिक ऊब म्हणजे ताणण्यासाठी आदर्श हवामान. तोच राजमा डिसेंबरात उन्हाच्या खिडकीत लावून पाहा. जरा सावकाश वाढेल, पण बुटका, गच्च आणि काळपट हिरवा होईल.

खिडकीकडे झुकण्याचं कारण थोडं वेगळं आहे. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिसला सोबत घेऊन गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि ते 1880 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. कोंबाच्या टोकावर त्यांनी टोप्या घातल्या. टोक झाकलं की कोंब वाकेना, खालचा भाग झाकला तरी वाकतोच. म्हणजे उजेड "पाहतं" ते टोक आणि वाकतो त्याच्या खालचा भाग. मग टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. तो निरोप म्हणजे ऑक्झिन हे संप्रेरक. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने 1926 च्या सुमारास ते आगरच्या छोट्या तुकड्यांत पकडून दाखवलं. ऑक्झिन खोडाच्या सावलीकडच्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू जास्त लांबते आणि रोप उजेडाकडे कलतं. टोप्यांचा प्रयोग मुलांना करता येतो. गव्हाचे कोंब आणि चॉकलेटच्या चांदीचे चिमुकले तुकडे एवढंच सामान पुरतं. हात मात्र हलका हवा, निम्मे कोंब मोडतातच.

उंचीत फरक पडायची बाकीची कारणं

प्रकाश हे मोठं कारण, पण एकटं नाही. मुलांना गुप्तहेर व्हायला सांगितलं की ती स्वतःच यादी करतात. कुणी बी बोटभर खोल खुपसलेलं असतं, कुणी वरवर टाकलेलं. खोल गेलेलं दोन-तीन दिवस उशिरा वर येतं आणि या वयात दोन दिवसांचा फरक पट्टीवर चांगलाच दिसतो. कुणाच्या वाट्याला टपोरा दाणा आलेला असतो, कुणाच्या सुरकुतलेला. कुणाच्या कपाला खाली भोकच नसतं. पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप तिथेच थबकतं. त्यावर उपाय म्हणून मूल आणखी पाणी घालतं! मिरची लावली असेल तर एका पाकिटातल्या बियासुद्धा आठवडाभर मागेपुढे उगवतात, त्यात कुणाचाच दोष नसतो.

आणि एक कारण बियाण्याच्या आतच असतं. किराणा दुकानातून आणलेल्या राजम्यात किंवा घेवड्यात कधी वेलाची जात असते, कधी झुडपाची, कधी दोन्हींची सरमिसळ. वेलाची जात चढणारच. इथे मेंडेलची गोष्ट सांगायला हरकत नाही. त्याने उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला. पहिली पिढी सगळी उंच आली. त्या झाडांपासून पुढे आलेल्या 1064 झाडांपैकी 787 उंच आणि 277 बुटकी निघाली. साधारण तीनास एक. त्याचा निबंध 1866 मध्ये छापला गेला. पुढे 1997 मध्ये त्या बुटकेपणामागचा जनुकही सापडला. त्याच्यातल्या बदलामुळे जिबरेलिन नावाचं लांबी वाढवणारं संप्रेरक कमी तयार होतं, इतकंच. रोप आजारी नसतं, त्याची ठेवणच तशी असते.

बुटकं म्हणजे कमी, हे डोक्यातून काढायला मला गव्हाची गोष्ट फार उपयोगी पडते. पूर्वीचा आपला गहू चांगला उंच वाढायचा. त्याला भरपूर खत दिलं की ओंबी जड व्हायची आणि पीक लोळायचं. 1960 च्या दशकात बुटक्या जातींचा गहू आला. आखूड, ताठ काडी, खत पचवून ते दाण्यात भरणारी. 1966 साली भारताने मेक्सिकोहून अशा गव्हाचं 18,000 टन बियाणं आणलं. पुढचा इतिहास आपण हरितक्रांती या नावाने शिकवतो. देशाचं पोट भरायला मदत केली ती या बुटक्या गव्हाने. शेतकरी पालक वर्गात असतील तर त्यांना बोलवा. लोळलेल्या पिकाचं नुकसान ते आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगलं समजावतील.

आता उंची सारखी कशी करायची?

सर्वांत आधी जागा. खिडकीजवळचा आणि खोलीच्या आतला प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ सारखाच वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. रोपाला तसं जमत नाही. खिडकीपासून दोन मीटर आत गेलं तर प्रकाश कितीतरी पटीने कमी होतो. म्हणून सगळे कप एकाच ट्रेमध्ये खिडकीत ठेवा. रोज सकाळी ट्रे पाव फेरा फिरवा, म्हणजे रोपं एका बाजूला झुकणार नाहीत. दर दोन दिवसांनी मागची रांग पुढे आणि पुढची मागे. हे काम हजेरीसारखं वाटून द्या, मुलं विसरू देत नाहीत.

कप एकमेकांना चिकटवून ठेवू नका. पानाला पान लागायला लागलं की रोपं एकमेकांना ओळखतात, हे मी कल्पनेने म्हणत नाही. हिरवी पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा परत फेकतात. रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते या दोहोंचं प्रमाण जोखतं. गडद तांबडा वाढला म्हणजे शेजारी आला, चला उंच व्हा! सगळीच एकमेकांशी स्पर्धा करत ताणतात आणि मागे पडलेलं रोप सावलीत जाऊन आणखी मागे पडतं. वर्गांतल्या स्पर्धेशी याचं साम्य तुम्हाला दिसलं असेलच, मी काही बोलत नाही.

काही शाळांत किंवा घरांत खिडकीच नीट नसते. मग दिवा लावावा लागतो. साधा 9 वॅटचा पांढरा एलईडी दिवा रोपांच्या वर वीतभर अंतरावर, दिवसाला बारा ते चौदा तास. जुना पिवळा बल्ब नको, तो भाजतो. वायर, पिन हे काम मोठ्यांनीच करायचं आणि पाण्याची झारी दिव्यापासून लांब. इथेच उंचीचा प्रश्न खरा चावतो. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. दिव्यापासून 15 सेंटिमीटरवर शेंडा असलेलं रोप आणि 30 सेंटिमीटरवर शेंडा असलेलं रोप, दोघांच्या ताटात चौपट फरक! दिवा उंच रोपासाठी वर घ्यावा तर बुटकी उपाशी, बुटक्यांसाठी खाली आणावा तर उंचाचा शेंडा दिव्याला टेकतो.

यावर उत्तर सोपं आहे. दिवा हलवायचा नाही, कप हलवायचे. बुटक्या रोपांच्या कपाखाली खडूची रिकामी खोकी, जुन्या वह्या, विटेचा तुकडा असं काहीही ठेवा आणि सगळे शेंडे एका पातळीत आणा. मुलं पट्टी आडवी धरून पातळी बघतात. दर आठवड्याला खोकी काढा-घाला करावी लागतात. एका मुलाने विचारलं होतं, "बाई, ही चीटिंग नाही का?" त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती माझ्या कुठल्याही पाठ टाचणात नव्हती.

फार उंच झालेल्यांचं काय? एक उपाय म्हणजे शेंडा खुडणे. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन पानांच्या बेचक्यातल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ही सत्ता संपते आणि बाजूचे फुटवे निघतात. झेंडू, शेवंती लावणारे शेतकरी हे नेहमी करतात, आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडते तेव्हाही तेच घडतं. राजम्यात तीन पानांचं पहिलं त्रिदल नीट उघडलं की त्याच्या वरचा शेंडा नखाने खुडायचा. डाळिंब्यांच्या खाली मात्र कधीही कापू नका, तिथे डोळा नसतो, रोप संपलंच. एका खोडावर एकच मोठं फूल येणाऱ्या सूर्यफुलाचा आणि मक्याचा शेंडाही खुडायचा नाही. आणि सगळ्यांचे शेंडे खुडून रोपं सारखी करणं हा उद्योग करू नका. रोपाला सावरायला काही दिवस लागतात. कमजोर रोप त्यातून उठत नाही.

दुसरा उपाय वाकवणे. मला हा जास्त आवडतो, कारण काही तोडावं लागत नाही. कपाच्या काठाला भोक पाडून त्यात लोकरीचा धागा ओवायचा, खोडाला सैल फास द्यायचा आणि दोन-तीन दिवसांत थोडं थोडं करून शेंडा आडवा आणायचा. पाणी घालायच्या आधी, खोड जरा मऊ असताना करा. भरपूर पाणी प्यायलेलं खोड कटकन मोडतं. शेंडा खाली गेला की बाजूचे फुटवे उभे राहतात. मिरची, टोमॅटो, तुळस यांना हे छान मानवतं. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये डच गुलाबाच्या सुरुवातीच्या फांद्या अशाच वाकवतात आणि पेरूच्या बागेत बहारासाठी फांद्या वाकवून बांधतात. सहल काढायची असेल तर ही जागा उत्तम.

टोमॅटोचं ताणलेलं रोप असेल तर आणखी एक सवलत आहे. कप बदलताना ते पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. काकडी-दोडक्याला हे करायला जाऊ नका, खोड कुजतं.

आणि स्पर्श. मॉर्डेकाय जाफे या शास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की खोड रोज हलकेच चोळलं तर रोप कमी उंच आणि जास्त जाड होतं. वाऱ्यानेही तसंच होतं. माझ्या वर्गात मुलं सकाळी पुठ्ठ्याचा तुकडा रोपांच्या शेंड्यांवरून दहा वेळा अलगद फिरवतात. अर्ध्या ट्रेवरच फिरवायचा, उरलेला अर्धा तुलनेसाठी तसाच. तीन आठवड्यांनी फरक बघा.

मोजायचं काय?

मी आता एकट्या उंचीचा तक्ता करत नाही. वहीत चार रकाने असतात: मातीपासून शेंड्यापर्यंत उंची, पानांच्या जोडांची संख्या, खोडाभोवती दोरा गुंडाळून घेतलेला घेर आणि पानाचा रंग (पुठ्ठ्यावर हिरव्याच्या चार छटा रंगवून ठेवल्या आहेत, त्यांच्याशी जुळवायचा). मग उंचीला जोडांच्या संख्येने भागायचं. 31 सेंटिमीटर उंच आणि 3 जोड असतील तर एका जोडामागे दहाच्या वर. 12 सेंटिमीटर आणि 4 जोड तर एका जोडामागे 3. भागाकाराचा इतका जिवंत उपयोग मला दुसरा सापडलेला नाही. हा आकडा मोठा आला की मुलं स्वतःच म्हणतात, "बाई, याला उजेड कमी पडतोय, पुढे घ्या." वर्गाची सरासरी उंचीही काढायला लावते आणि मग विचारते, या सरासरीइतकं नेमकं उंच रोप कुणाचं आहे? बहुतेक वेळा एकाचंही नसतं.

पालकांना दोन गोष्टींची विनंती. घरी आणलेल्या कपात खत, चहाचा चोथा, टॉनिक असलं काही टाकू नका. पहिले दोन आठवडे डाळिंब्यांतलं अन्न पुरतं. आणि मुलाच्या रोपाच्या जागी गुपचूप दुसरं उंच रोप आणून ठेवू नका. हे होतं, दरवर्षी एखाद्या घरी होतंच. मुलाला ते कळतं.

वर्गात वाढलेली रोपं एकदम उन्हात न्यायची नाहीत. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज तास-तास वाढवत आठवड्याभरात पूर्ण दिवस. आमच्याकडे हे काम गणपतीच्या सुट्टीआधी उरकतं. यंदा 34 पैकी 29 रोपं कुंपणालगतच्या वाफ्यात गेली. वेलाच्या जातीची सात निघाली, त्यांना तारेवर चढवलं. उरलेल्या बुटक्यांना शेंगा आधी लागल्या.